कपाटाची किल्ली

हुपरीच्या गल्लीतून सकाळी चालताना कानावर सतत एक बारीक किणकिण येते. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हांस वाटले, कोठे तरी लहान मुले खेळत असावीत. पुढे कळले की तो आवाज चांदीचा आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हे गाव शंभराहून अधिक वर्षे पैंजण घडवीत आले आहे. उंबऱ्याच्या आत आजी कड्या जोडीत बसलेली, मागच्या खोलीत मुलगा तार ओढीत असलेला आणि शाळेला निघालेली नात जाता जाता मूठभर घुंगरे मोजून वाटीत टाकते आहे, हे दृश्य येथे नवलाचे नाही. व्यापारी चांदी देतो, कारागीर मजुरीवर माल करून देतो आणि त्या मजुरीवर घर चालते.

आमच्या धर्मग्रामाची हद्द मोठी आहे. हुपरीतील आमची घरे मात्र एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. त्या घरांच्या निमित्ताने महिन्यातून एकदा जाणे होते, आणि जाणे होते म्हणून त्या परिसरातील एका शाळेच्या सल्लागार समितीवर आमचे नाव घातले गेले. शाळा आमच्या संस्थेची नव्हे. आमच्या विद्वत्तेचाही येथे काही संबंध नव्हता. समितीला इंग्रजी पत्रे वाचून दाखविणारा कोणी तरी हवा होता, इतकेच. वाचकहो, आज जे लिहीत आहोत ते त्या समितीवर बसून आमच्या हातून झालेल्या एका चुकीविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी शहरातील एका खासगी कंपनीचे दोन तरुण शाळेत आले. गळ्यात टाय, हातात चकचकीत पेटी. पेटीतून त्यांनी चार चाकांची एक छोटी गाडी काढली. समोर पुस्तक ठेवले की गाडी थांबे, वळे आणि दुसऱ्या वाटेने निघे. समितीतील ज्येष्ठ मंडळी लहान मुलांसारखी हसली; आम्हीही हसलो. कोडिंग आणि रोबोटिक्स हे उद्याचे शिक्षण आहे, शहरातील मुले पुढे गेली, खेड्यातील मुलांनी मागे राहावे काय, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्तच होता. उत्तर मात्र त्यांनी पेटीतच भरून आणले होते: शाळेने खोली द्यावी, कंपनी शिक्षक व साहित्य देईल, आणि मुलामागे वर्षाला तीन हजार रुपये शुल्क घेतले जाईल. ज्यांना हवे त्यांनी भरावे, सक्ती नाही. करारावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत आमची एक आहे.

सहावीच्या एकेचाळीस मुलांपैकी चौदांनी पैसे भरले. उरलेली सत्तावीस मुले त्या तासाला मैदानावर जात. त्यांतली एक मुलगी मात्र जात नसे. ती खोलीच्या खिडकीशी उभी राही, दप्तर छातीशी धरून. तिचे वडील मजुरीवर पैंजण करणारे. एके दिवशी आम्ही तिला विचारले, "बाळ, मैदानावर का जात नाहीस?" ती म्हणाली, "इथनं दिसतंय, फादर." तक्रार नव्हती, रडणे नव्हते. 'इथनं दिसतंय' एवढेच. सक्ती नाही हे शब्द किती गोंडस असतात! ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्यावर खरोखरच कोणी सक्ती करीत नाही.

वर्ष संपले, करार संपला. चौदांपैकी पुढल्या वर्षी पैसे भरणारे पुरेसे निघाले नाहीत, तेव्हा ते तरुण येईनासे झाले. पेट्या एका लोखंडी कपाटात गेल्या, कपाटाला कुलूप लागले, आणि किल्ली कोणाकडे आहे याविषयी शाळेत तीन मते होती.

ते कपाट पाहून आम्हांस आमचे शाळकरी दिवस आठवले. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांतून संगणक साक्षरतेचा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला होता. प्रारंभी देशभरातील अडीचशे शाळा निवडल्या होत्या आणि त्यांना बी.बी.सी. मायक्रो हे मूळ ब्रिटिश रचनेचे संगणक दिले होते. आमच्या शाळेच्या वाट्याला काही आले नाही. पण शेजारच्या शहरातील एका शाळेत ते पाहण्यासाठी आम्हा मुलांना एकदा नेले होते. चपला बाहेर काढायला लावल्या. खोलीत पंखा, खिडक्यांना पडदे, आणि टेबलावर निळ्या कापडाखाली झाकलेले काही तरी. तेथल्या गुरुजींनी कापडाचा एक कोपरा उचलला, आम्ही रांगेने पाहिले, गुरुजींनी कोपरा खाली सोडला. परतीच्या वाटेवर एका मित्राने विचारले, "ते चालू होतं का बंद?" कोणालाच सांगता आले नाही. चाळीस वर्षांनी आम्ही स्वतः सही करून तसेच एक निळे कापड दुसऱ्या पिढीसाठी विकत घेतले होते.

दोष यंत्राचा नव्हता. थोड्यांना द्यायचे, तेही झाकून, आणि शिकविणारा बाहेरून आणायचा, ही रीतच चुकीची होती. मग बरोबर रीत कोणती, हा विचार मनात घर करून राहिला.

गेल्या काही वर्षांत गोव्यास दोनदा जाणे झाले. तेथे आमचे काही सेमिनरीतील सोबती शाळांच्या कामात आहेत. त्यांच्या बोलण्यातून एक योजना समजली. गोवा सरकारने २०२१ मध्ये राज्यातील शाळांत कोडिंग व रोबोटिक्स शिक्षण आणण्याची योजना घेतली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'केअर्स' म्हणतात. तंत्रशिक्षण संचालनालय ती चालविते. सहावी ते आठवीची मुले, आणि शाळा कोणत्या? सरकारी तर आहेतच, पण अनुदानितही. गोव्यातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार अनुदानित शाळाच वाहतात, आणि त्यांतल्या कितीतरी ख्रिस्तसभेच्या आहेत, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. चारशेहून अधिक शाळा आणि साठ हजारांहून अधिक मुले या योजनेच्या कक्षेत येतात. शाळेत अगोदरच असलेल्या संगणक शिक्षकालाच तयार करायचे, आणि अभियांत्रिकी शिकलेल्या तरुणांनी त्याच्या पाठीशी उभे राहायचे, हा तिचा कणा. त्या तरुणांच्या उपक्रमाला 'टीच फॉर गोवा' असे नाव आहे.

आमच्या एका सोबत्याने हसत सांगितले, "आमचे सर आधी मुलांपेक्षा जास्त घाबरले होते." आम्हांस ते वाक्य फार आवडले. घाबरलेला शिक्षक शाळेत राहतो. न घाबरणारा तरुण करार संपला की जातो.

कोणी म्हणेल, गोवा केवढा, महाराष्ट्र केवढा! खरे आहे. महाराष्ट्रात लाखाहून अधिक शाळा आहेत. पण गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि आमच्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्याचे ७,६८५. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, तर कोल्हापूरची पावणेएकोणचाळीस लाख. म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या अर्ध्याहून लहान असलेल्या राज्याने जे हाती घेतले, ते एक जिल्हा म्हणून आपण हाती घेऊ शकत नाही, असे म्हणायला आकार हे कारण पुरत नाही.

आणि मोठ्या राज्याचेच उदाहरण हवे असेल तर केरळ आहे. तेथे २००१ पासून शाळांतील संगणक शिक्षणाचे काम सलग चालले आहे. आज ते 'काईट' ही सरकारी संस्था करते. मुक्त प्रणाली वापरायची, शिक्षक आपलेच तयार करायचे, हे धोरण सरकारे बदलली तरी टिकले. २०१८ मध्ये 'लिट्ल काईट्स' नावाची विद्यार्थी मंडळे शाळाशाळांत निघाली, आणि २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून दहावीच्या सर्व मुलांना, चार लाखांहून अधिक मुलांना, रोबोटिक्स हा पाठ पुस्तकातच आला. हात पुढे केला की आपोआप जंतुनाशक सोडणारे यंत्र मुले वर्गात करतात. आमच्या कपाटातील गाडीपेक्षा त्यात काही फार निराळे नाही. फरक एवढाच की तेथे खिडकीबाहेर कोणी उभे नसते.

'सर्वांना' हा शब्द कोल्हापूरला नवा आहे काय? राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले ते १९१७ साली, आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. एका संस्थानाच्या तिजोरीला हा खर्च झेपेल का, असा प्रश्न तेव्हाही निघाला असेलच. महाराजांनी 'ज्यांना हवे त्यांनी भरावे' असे म्हटले नाही.

असो. राज्याचे धोरण ठरविणे आमच्या हाती नाही. आमच्या हाती होते एक कुलूप. ते आम्ही उघडविले, तेही किल्ली न सापडल्यामुळे कुलूपवाल्यास बोलावून. नवी किल्ली आता वर्गाच्या भिंतीवर खिळ्याला असते. शाळेच्या संगणक शिक्षकांनी प्रथम हात जोडले. "फादर, मला यातलं काही येत नाही," ते म्हणाले. आम्ही म्हटले, "आम्हांलाही." मग शनिवारी दोन तास ते, आम्ही आणि आठवीची तीन मुले बसू लागलो.

पेटीतील मुख्य वस्तू म्हणजे तळहाताएवढी एक निळी पट्टी. तिला अर्डुइनो म्हणतात. २००५ साली इटलीतील इव्ह्रेआ गावच्या एका शिक्षणसंस्थेत ती तयार झाली आणि तेथल्या ज्या मद्यगृहात तिचे कर्ते जमत, त्याचेच नाव तिला मिळाले. करणाऱ्यांनी तिची रचना जगासाठी खुली ठेवली. म्हणून आज तशीच पट्टी बाजारात काही शे रुपयांना मिळते. त्या कंपनीने आम्हांस हे सांगितले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते.

आता कोडिंग म्हणजे काय, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांसाठी थोडे सांगावयास हवे. यंत्राला आपण एकामागून एक सूचना लिहून द्यायच्या. यंत्र त्या जशाच्या तशा पाळते, आपल्या मनात काय होते ते त्यास कळत नाही. हुपरीपासून जवळच इचलकरंजी. तेथील यंत्रमागावर डॉबी असते. लाकडी पट्ट्यांवर खुंट्या बसविलेल्या असतात, आणि ज्या ओळीत ज्या ठिकाणी खुंटी आहे त्याप्रमाणे धागे वर उचलले जाऊन कापडावर किनार उमटते. खुंट्यांची ती माळ म्हणजे लाकडात लिहिलेले कोडिंगच होय. फ्रान्समध्ये जाकारने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर माग चालविला. पुढे तशाच छिद्रांच्या कार्डांवर १८९० सालची अमेरिकेची जनगणना मोजली गेली, आणि तेथून वाट थेट संगणकापर्यंत आली. आमच्या मागवाल्यांस हे शास्त्र परके नाही. त्याचे हे नाव तेवढे परके आहे. सेमिनरीत पहिल्या वर्षी तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही 'जर असे, तर तसे' हे सूत्र लॅटिनमधून घोकले होते. त्याचा उपयोग तीस वर्षांनी चाके फिरविण्यासाठी होईल हे आमच्या प्राध्यापकांना सांगितले असते तर त्यांनी आम्हांस विश्रांतीसाठी पाठविले असते.

आणि पैंजण? पाच कड्या, एक घुंगरू. पाच कड्या, एक घुंगरू. असे पट्टी भरेपर्यंत. पुनरावृत्तीची सूचना मुलांना समजावताना शिक्षक पुस्तकातील उदाहरण देत होते, चौकोन काढण्याचे. मुलांच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. तेव्हा ती खिडकीतली मुलगी, आता आठवीत असलेली, आपल्या बाकावरून म्हणाली, "सर, हे पैंजणासारखं हाय." सगळा वर्ग एकदम हलला. त्या शनिवारी पुस्तक मिटून ठेवले गेले.

या ठिकाणी डॉ. श्रीनाथ कलबाग यांची आठवण होते. संशोधकाची नोकरी सोडून १९८३ साली ते पुणे जिल्ह्यातील पाबळ गावी गेले आणि तेथे त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. शाळा सोडलेली मुले तेथे वेल्डिंग करीत, शेती करीत, विजेचे काम शिकत आणि त्या कामातून विज्ञान शिकत. २००२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या नामांकित संस्थेच्या साह्याने तेथे जी 'फॅब लॅब' सुरू झाली, ती एम.आय.टी.च्या बाहेरील अगदी पहिल्यांपैकी एक. एवढ्या मोठ्या संस्थेने खेडेगावातील आश्रम का निवडावा? आम्हांस वाटते, हाताने काम करणाऱ्या मुलांच्या हाती यंत्र दिले की काय होते, हे पाहण्यास याहून चांगली जागा नव्हती.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दोन गोष्टी जवळजवळ आहेत. एक, माध्यमिक शाळेच्या खालच्या वर्गांपासून मुलांना कोडिंगची ओळख. दुसरी, सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना राहून सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे. पहिलीची जाहिरात सर्वत्र दिसते. दुसरीविषयी आम्ही कोणा पालकाच्या तोंडून क्वचितच ऐकले. हुपरीत दोन्ही गोष्टी एका भिंतीआड आहेत. शाळेत मुलगी सूचना लिहिते आणि घरी बाप त्याच सूचना हातांनी पाळतो. ही भिंत पाडायला सरकारी आदेश लागत नाही.

तरी आमच्या समजुतीला एका गोष्टीने खीळ बसली, ती सांगितल्यावाचून हे लिखाण प्रामाणिक होणार नाही. दिवाळीनंतर आम्ही पालकांची बैठक घेतली. मुलांनी गाडी चालवून दाखविली, टाळ्या झाल्या. मग मागच्या ओळीतून त्या मुलीचे वडील उठले. हात चांदीच्या कामाने काळवंडलेले. म्हणाले, "फादर, एक विचारू काय? ह्या यंत्रानं आमचं काम जाणार, का पोरीला काम मिळणार? एवढं एक सांगा."

सभागृह गप्प झाले. त्यांचा प्रश्न पोकळ नव्हता. यंत्रावर विणलेली साखळी बाजारात आली आहे. राजकोट, आग्रा, सेलम येथील मालाशी हुपरीची स्पर्धा आहे. २०२५ मध्ये चांदीचा भाव किलोला लाख रुपयांच्या पलीकडे गेला, आणि भाव चढला की गिऱ्हाईक थांबते आणि मजुरीवाल्याच्या घरातील किणकिण आधी बंद पडते. अशा माणसाला 'तंत्रज्ञानाने नवे रोजगार निर्माण होतात' असे छापील वाक्य ऐकवायला आमची जीभ उचलली नाही. आम्ही म्हणालो, "आण्णा, दोन्ही होईल अशी भीती आहे. काम जाईल तुमचं, आणि मिळेल दुसऱ्याच कुणाच्या तरी पोरीला. म्हणून हे तुमच्या पोरीला आलं पाहिजे." ते खाली बसले. पटले की नाही, हे चेहऱ्यावरून कळले नाही.

८ मे २०२५ रोजी निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी दोनच दिवसांनी कार्डिनलांसमोर आपल्या नावाचे कारण सांगितले. तेराव्या लिओंनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकातून पहिल्या औद्योगिक क्रांतीतील कामगारांचा प्रश्न हाती घेतला होता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढे तसेच आव्हान उभे आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. रोमहून आलेले ते वृत्त वाचताना आमच्या डोळ्यांपुढे तेच काळवंडलेले हात आले. परिपत्रके आम्ही सेमिनरीत अभ्यासली, परीक्षेत त्यांवर उत्तरे लिहिली. पण प्रश्न विचारणारा माणूस समोर उभा असताना ती पाने उलटण्यास वेळ नसतो.

गेल्या महिन्यात ते गृहस्थ पुन्हा शाळेत आले, मुलीला न्यायला. संध्याकाळ झाली होती. ती एका छोट्या दिव्याला सूचना लिहीत होती: पाच वेळा लुकलुक, मग घुंगरासाठी एक लांब उजेड, पुन्हा पाच. दिवा लागला. वडील दारातच उभे राहून पाहू लागले. ओठ हलत होते. "पुन्हा लाव," ते म्हणाले. तिने लावला. "सहा होत्यात."

मुलीने पडद्याकडे पाहिले. तिने पाचच लिहिले होते. शिक्षक आले, त्यांनीही मोजले आणि कपाळाला हात लावला. तिने मोजणी शून्यापासून सुरू केली होती आणि पाचापर्यंत नेली होती. शून्य धरून सहा होतात. आम्ही चौघांनी दिवसभर तो दिवा पाहिला होता, आणि कोणाच्याही ध्यानात ते आले नव्हते.

"आमच्यात एक कडी जादा गेली की मजुरीतनं कापत्यात," वडील म्हणाले, आणि चपला दाराबाहेर काढून आत आले. चपला काढायची गरज नाही, असे आम्ही म्हणणार होतो. तोवर ते मुलीशेजारी बाकावर बसलेही होते.